सावज पडल्यानंतर

शिकारकथा सावज पडताच संपतात. मांस घरी कसे आले, हे सहसा कोणी सांगत नाही. आजच्या कॅनडातील रेड नदीकाठचे मेती लोक १८४० च्या जूनमध्ये बायसनच्या शिकारीस निघाले, तेव्हा अलेक्झांडर रॉसच्या नोंदीनुसार १,२१० गाड्या, ६२० पुरुष आणि ६५० स्त्रिया होत्या. हे आकडे बोलके आहेत. घोडदौड पुरुषांची, मांसाच्या पातळ पट्ट्या वाळवणे, कुटणे, वितळलेल्या चरबीत कालवून कातडी पिशव्यांत शिवणे मुख्यतः स्त्रियांचे. हेच पेमिकन. खिळाही नसलेल्या, करकरणाऱ्या लाकडी गाड्यांतून ते घरी येई. फरव्यापाऱ्यांचे नावाडी त्यावरच जगत. म्हणून १८१४ साली माइल्स मॅकडोनेलने त्याची निर्यात रोखताच वैर पेटले. १८१६ मध्ये सेव्हन ओक्स येथे रक्त सांडले, त्यामागे बायकांच्या हातचे हे वाळवणही होते.