पेट्रोलच्या जीप डिझेलवर गेल्या तेव्हा

पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या जीपचं बॉनेट उघडल्यावर आत कंपनीने बसवलेलंच इंजिन असेल, असं कुणी धरून चालू नये. कराड, विटा, इस्लामपूर, फलटण या पट्ट्यात १९७०च्या दशकात पेट्रोलची इंजिनं उतरवून डिझेलची बसवायचं काम सुरू झालं आणि पुढे वीसेक वर्षं चाललं. ते झालं मालकाच्या दारात, गोठ्याशेजारी, पत्र्याच्या शेडमध्ये. त्या काळात मी कराडला लेथवर काम करत होतो. ही अडाणी जोडाजोडी होती, असं आज अनेकांना वाटतं. ते खरं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतच महिंद्राने मुंबईत माझगावला विलीज जीपची जोडणी सुरू केली. पुढे आमच्याकडे सर्रास दिसू लागली ती सीजे-३बी. तिचं हरिकेन इंजिन चार सिलिंडरचं, २१९९ सीसीचं, पेट्रोलचं. त्यात इंधन-हवा आत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि धूर सोडणारे ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि त्याच्यासाठी बॉनेटही उंच करावं लागलं. त्याच उंचीत पुढे डिझेलची इंजिनं मावली.

१९७३च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं. तीन डॉलरच्या आसपास असलेला खनिज तेलाच्या पिंपाचा भाव काही महिन्यांत अकरा-बारा डॉलरवर गेला. आपल्याकडे पेट्रोल श्रीमंतांचं मानून त्यावर कर वाढत गेले. ट्रक, एसटी आणि शेतीपंप ज्यावर चालतात, ते डिझेल मात्र सरकारने आवाक्यात ठेवलं. १९९०च्या सुमारास पेट्रोल डिझेलच्या दुपटीहून महाग होतं. बागायतदार आणि भाड्याने प्रवासी नेणारे वडापवाले, दोघांनाही पेट्रोलची जीप दारात उभी ठेवणं परवडेना.

इंजिनं चारी बाजूंनी आली. महिंद्राच्या भागीदारीतली कंपनी १९६०च्या दशकापासून इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टर बनवत होती, त्याचं इंजिन. मद्रासच्या सिम्पसनची पर्किन्स. आकुर्डीला बनणाऱ्या मॅटाडोर गाड्यांपैकी अपघातात मोडलेल्यांची. आणि १९८०च्या दशकात महिंद्राने प्यूजोच्या तंत्राने आणलेलं २११२ सीसीचं एक्सडीपी.

पण इंजिन मिळालं म्हणजे ते बसवणारा माणूसही मिळतो असं नाही. तो आमच्याकडे आधीपासून तयार होता, विहिरीच्या काठावर. किर्लोस्करांची, साताऱ्याच्या कूपरची, कोल्हापूरच्या कारखान्यांतली ऑइल इंजिनं कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात मळ्यामळ्यांत धडधडत होती. नोझल कसं साफ करायचं, पंपाचं टायमिंग कसं लावायचं, व्हॉल्व्ह कसा घासून बसवायचा, हे मोटार कधी न चालवलेल्या पोरांनाही येत होतं. पाणी उपसणाऱ्या डिझेलने जे मिस्त्री घडवले, त्यांनीच पुढे जीपला डिझेल बसवलं, असं माझं ठाम मत आहे.

खरं काम होतं मापाचं. आंब्याच्या फांदीला किंवा लाकडी तिकाटण्याला चेनब्लॉक लावून जुनं इंजिन तासाभरात बाहेर यायचं. नवं इंजिन जीपच्याच गिअरबॉक्सला जोडायचं तर दोघांच्या बोल्टची भोकं जुळत नसत. मग जाड लोखंडी प्लेट मध्ये घ्यायची, आणि ती प्लेट आमच्या लेथवर व्हायची. इंजिनाच्या क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या क्लच शाफ्टचा मध्य एका रेषेत यायलाच हवा. मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांहून जास्त फरक राहिला तर पायलट बेअरिंग ओरडायचं, क्लच थरथरायचा, गिअर आपोआप सुटायचा. म्हणून फ्लायव्हीलवर डायल गेज बसवायचं, त्याचं टोक बेलहाउसिंगच्या गोल भोकाला टेकवायचं आणि क्रँक हाताने फिरवायचा. काटा जागचा हलेनासा होईपर्यंत प्लेट सरकवायची आणि मगच डॉवेल पिनांची भोकं पाडायची. आमच्याकडे येणारे एक वयस्कर मिस्त्री यात अर्धा दिवस घालवत. मालक वैतागून म्हणायचे, ‘मिस्त्री, आवळा की आता बोल्ट.’ ते मान वर न करता सांगायचे, ‘मालक, आत्ता घाई केली तर गिअरबॉक्स परत उतरवायला लागंल.’

त्यापुढचं गणित फेऱ्यांचं. हरिकेन मिनिटाला चार हजार फेऱ्यांपर्यंत जायचं, तर ट्रॅक्टरचं इंजिन दोन हजारांच्या आसपास थांबायचं. जीपच्या क्राउन-पिनियनचं प्रमाण ५.३८, चाकाचा घेर सव्वादोन मीटर. म्हणजे टॉप गिअरमध्ये दोन हजार फेऱ्यांना ताशी पन्नास किलोमीटर, त्यापुढे गाडी जाणार नाही. उसाच्या वाटेवर तेवढं पुरायचं. ज्याला पुण्या-मुंबईला जायचं असेल त्याला मिस्त्री आधीच सांगत, क्राउन-पिनियन बदला किंवा जास्त फेऱ्यांचं इंजिन शोधा. पुढचं वजन वाढलं म्हणून पाट्यांमध्ये एक पाटा वाढवायचा, बॅटरी मोठी घ्यायची, आणि चावीने डिझेल बंद होत नाही म्हणून डॅशबोर्डवर स्टॉपची वायर आणायची.

शेवटी नवा इंजिन नंबर आरसी बुकात चढवायचा. या सगळ्या कारागिरीची सरकारदरबारी तेवढीच नोंद उरली आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सन २०००च्या दुरुस्तीने कडक झालं आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालणार नाही. धूर आणि ब्रेक यांचा विचार करता हा निर्बंध मला मान्य आहे. रस्ता सगळ्यांचा असतो.

पण ही विद्या संपायची नाही. जुन्या गाडीला विजेची मोटर बसवायला कायद्याने वाट ठेवली आहे. त्यासाठी किट पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने तपासून मान्य केलेलं लागतं. मूळ गिअरबॉक्स ठेवून मोटर जोडायची असेल तर मध्ये प्लेट आलीच, आणि दोन शाफ्टचे मध्य जुळवणंही आलं. जीपवर हे काम केलेले मिस्त्री आता सत्तरीच्या पुढे आहेत. आयटीआयच्या शिक्षकांनी मुलांना घेऊन त्यांच्याकडे जावं, त्यांच्या शेडमधल्या जुन्या प्लेटा मोजाव्यात, नकाशे काढावेत आणि कोणतं इंजिन कोणत्या गिअरबॉक्सला कसं बसवलं ते त्यांच्या तोंडून लिहून घ्यावं. हे काम याच वर्षी सुरू व्हायला हवं.