पोटकंत्राट आणि न वाजलेला गजर

इमारतीतली बहुतेक कामे बिघडली की स्वतःच बोभाटा करतात. नळ गळला की भिंतीला ओल येते, लिफ्ट अडकली की वॉचमनला हाका ऐकू येतात. फायर अलार्मचे तसे नाही. छतामागे तार तुटलेली असो किंवा रंगकामाच्या वेळी डिटेक्टरवर घातलेली प्लास्टिकची टोपी तशीच राहिलेली असो, यंत्रणा गप्प राहते. गप्प राहणे हेच तिचे रोजचे काम असल्याने कोणाला शंकाही येत नाही. सीसीटीव्हीचे रेकॉर्डिंग बंद पडले आहे हेही चोरी झाल्यावरच कळते. ज्या कामातला दोष डोळ्यांना दिसत नाही, ते काम दुसऱ्याच्या हातून करून घेताना व्यवहार कसा बांधावा, हा या लेखाचा विषय आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: दोष बहुतेक वेळा पोटकंत्राटदाराच्या दानतीत नसतो, मुख्य कंत्राटदाराने ठरवलेल्या दरपत्रकात असतो.

पोटकंत्राट टाळता येत नाही हे मान्य करून पुढे जाऊ. पुण्यातल्या कंपनीला नांदेडच्या रुग्णालयाचे काम मिळाले तर आपले वायरमन ती महिनोन्महिने तिकडे ठेवू शकत नाही. राहण्याजेवणातच नफा संपेल. शिवाय या धंद्यात कामे लाटेने येतात. जानेवारी २०२१ मध्ये भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अर्भक कक्षाला आग लागून दहा बाळे दगावली, आणि त्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. अशा वेळी सगळ्यांनाच एकदम यंत्रणा हवी असते. लाट ओसरल्यावर पगार कुठून द्यायचा, या विचाराने कंपन्या पक्की माणसे वाढवत नाहीत. इलेक्ट्रिकलची कामे करणाऱ्या चार-पाच जणांच्या टोळीला बोलावतात. साइटवर तिला पेटी कॉन्ट्रॅक्टर म्हणतात.

ही माणसे कामसू असतात. पण त्यांचा हात घरगुती वायरिंगवर बसलेला असतो, आणि तिथली एक चांगली सवय इथे घात करते.

सवय फाट्याची

साध्या, म्हणजे कन्व्हेन्शनल पद्धतीच्या यंत्रणेत प्रत्येक झोनसाठी पॅनेलमधून दोन तारा निघतात. त्या पहिल्या डिटेक्टरच्या बेसमध्ये जातात, तिथून दुसऱ्याच्या, तिथून तिसऱ्याच्या, आणि शेवटच्या बेसवर एक छोटा रेझिस्टर जोडतात. धंद्यात त्याला ईओएल म्हणतात. त्यातून सतत काही मिलिअँपिअर प्रवाह वाहत असतो आणि पॅनेल तेवढाच मोजत बसते. प्रवाह ठरल्याइतका असला तर सारे ठीक, ठराविक मर्यादेपर्यंत वाढला तर आग, शून्यावर आला तर तार तुटली, बेसुमार वाढला तर शॉर्ट. सगळी यंत्रणा या मोजणीवर उभी आहे.

आता घरगुती वायरिंग पाहा. जंक्शन बॉक्समधून एक फाटा पंख्याला, दुसरा दिव्याला, तिसरा सॉकेटला. तिथे हेच बरोबर असते, तारही वाचते. तोच वायरमन फायर अलार्मच्या झोनमध्ये कोपऱ्यातल्या खोलीसाठी असाच फाटा काढतो. स्प्रेने धूर मारून पाहिला की त्या खोलीतला डिटेक्टर वाजतो, हूटर वाजतो, ग्राहक सही करतो. पण पॅनेलचा पहारा ईओएलपर्यंतच्या मुख्य तारेवर असतो, फाट्यावर नसतो. पुढे कधीतरी एसीवाला छतात शिरला आणि त्याच्या हातून तो फाटा तुटला, तरी पॅनेलवरचा हिरवा दिवा हलत नाही. त्या खोलीला आता डिटेक्टर आहे, पण तो फक्त छताला चिकटलेला आहे.

ही चूक अज्ञानाची आहे. दुसरी मात्र जाणूनबुजून होते. झोनमध्ये कुठेतरी फॉल्ट असतो, तो सापडत नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी असते. मग शेवटच्या बेसवरचा रेझिस्टर काढून तो पॅनेलमध्येच, झोनच्या टर्मिनलवर लावला जातो. पॅनेलला हवा तेवढा प्रवाह मिळतो. यानंतर भिंतीत तार नसली तरी पॅनेल ‘नॉर्मल’ दाखवील. या धंद्यात याहून वाईट काम मला ठाऊक नाही, आणि ते करायला दहा मिनिटे पुरतात.

अॅड्रेसेबल यंत्रणेत प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा क्रमांक असतो. तो गायब झाला की पॅनेल ओरडते, म्हणून हे दोन्ही प्रकार तिथे लपत नाहीत. तिथली पळवाट वेगळी आहे. लूपची तार पॅनेलमधून निघून सगळीकडे फिरून परत पॅनेलमध्ये यायची असते, म्हणजे एका ठिकाणी तुटली तरी दुसऱ्या बाजूने संपर्क टिकतो. कष्ट वाचवण्यासाठी परतीची तार जाणाऱ्या तारेच्याच कॉन्ड्युटमध्ये ओढली, तर एका घावात दोन्ही तुटतात. कागदावर लूप असते, प्रत्यक्षात नसते.

दर कशाचा द्यावा

हे सारे घडते, कारण पैसे पॉइंटवर मिळतात. डिटेक्टर, हूटर, कॉल पॉइंट मोजायचे आणि ठरलेल्या दराने गुणायचे. मोजायला सोपा म्हणून हा दर रुळला. पण त्यात छताला दिसणाऱ्या वस्तूचे पैसे आहेत, तारेच्या वाटेचे नाहीत. जो फाटा काढतो त्याचे पॉइंट लवकर भरतात. जो तार बेसमधून बेसमध्ये नेतो आणि जाणारी-परतीची वाट वेगळी ठेवतो, त्याला तेवढ्याच पैशात दोन दिवस जास्त लागतात. असा दर ठरवून वर प्रामाणिकपणाची अपेक्षा करणे हा मुख्य कंत्राटदाराचा भोळेपणा नाही, सोय आहे.

दर मोडून टप्प्यांवर बांधला तर चित्र बदलते. पहिला टप्पा कॉन्ड्युट आणि केबल. फॉल्स सीलिंग बंद होण्याआधी आपला माणूस जाऊन मार्ग पाहतो, फोटो घेतो आणि मेगरने इन्सुलेशन तपासतो. डिटेक्टर चढवण्याआधीच ही चाचणी व्हावी, कारण मेगरच्या ५०० व्होल्टमध्ये डिटेक्टरमधली इलेक्ट्रॉनिक्स जळते. घाईत हा क्रम उलटलेला साइटवर दिसतो. दुसरा टप्पा बेस आणि जोडण्या. यात प्रत्येक डिटेक्टर एकेक करून बेसमधून फिरवून काढायचा आणि दर वेळी पॅनेलवर फॉल्ट आला का पाहायचे. ज्या ठिकाणी फॉल्ट येत नाही तिथे फाटा आहे किंवा ईओएल पॅनेलमध्ये शिरला आहे. शिडी, एक माणूस वर, एक पॅनेलजवळ आणि दोघांत फोन, एवढीच सामग्री लागते. या चाचणीची नोंद कागदावर करावी आणि पैसे तोच कागद पाहून सोडावेत.

आणि चाचणीच्या दिवसांचे पैसे पोटकंत्राटदाराला हजेरीवर वेगळे द्यावेत. हा खर्च बहुतेकांना जड जातो. पण फुकट करायला लावलेली चाचणी ही चाचणी नसते, रकाने भरणे असते.

काय द्यावे, काय देऊ नये

कॉन्ड्युट, ट्रे, भोके पाडणे, केबल ओढणे, बेस बसवणे ही कामे बाहेर देण्यात काही गैर नाही. डिटेक्टरच्या जागा ठरवणे, पॅनेलचे प्रोग्रॅमिंग आणि अंतिम चाचणी ही तीन कामे मात्र आपल्याच पगारी माणसाकडे राहावीत. भारतीय मानक आयएस २१८९ आणि २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेचा चौथा भाग वाचून त्याप्रमाणे जागा ठरवणारा माणूस पॉइंटच्या दरात मिळत नाही.

सर्वांत धोक्याची जागा मात्र दोन पोटकंत्राटदारांच्या मधली असते. कार्यालयाच्या दाराला मॅग्नेटिक लॉक असते. कार्ड दाखवले की उघडते. आग लागली की फायर पॅनेलने त्या लॉकचा विद्युतपुरवठा तोडायचा असतो, म्हणजे दार सुटते आणि माणसे बाहेर पडतात. त्यासाठी फायर पॅनेलच्या रिलेपासून अॅक्सेस कंट्रोलच्या पॉवर सप्लायपर्यंत एक तार लागते. ती कोणाची? अॅक्सेसवाला म्हणतो, सिग्नल फायरवाल्याने आणून द्यायचा. फायरवाला म्हणतो, माझा रिले तयार आहे, घेऊन जा. दोघेही आपापल्या दरपत्रकाप्रमाणे खरे बोलत असतात, कारण ती तार कोणाच्याच कामाच्या यादीत, म्हणजे बीओक्यूत, नसते. लिफ्ट तळमजल्यावर आणणे, एसीचे ब्लोअर बंद करणे, जिन्यातला प्रेशरायझेशन फॅन चालू करणे, यांचेही हेच. कोणत्या सिग्नलने काय घडायचे याचा तक्ता मुख्य कंत्राटदाराने काम सुरू होण्याआधी करावा आणि प्रत्येक ओळीसमोर तार ओढणाऱ्याचे, जोडणाऱ्याचे आणि तपासणाऱ्याचे नाव लिहावे. एक रकाना रिकामा राहिला तर तेच दार आगीच्या दिवशी बंद राहील.

सही कोणाची

महाराष्ट्रात हा सगळा व्यवहार २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाखाली आणि २००९ च्या नियमांखाली येतो. उपाययोजना करण्याची आणि त्या चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. काम परवानाधारक एजन्सीने करायचे, पूर्ण झाल्यावर फॉर्म ए द्यायचा, आणि पुढे वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी. पेटी कॉन्ट्रॅक्टरकडे हा परवाना सहसा नसतो. मला यातून एकच अर्थ निघताना दिसतो: त्याने ओढलेली प्रत्येक तार परवानाधारकाने आपल्या देखरेखीखाली, आपली म्हणून ओढून घेतलेली असली पाहिजे. ‘ते काम आम्ही दिले होते’ हा बचाव कागदावर सही केल्यावर उरत नाही.

माणूस शिडीवरून पडला तरी तेच. कंत्राटदाराच्या कामगाराला अपघात झाल्यास मुख्य मालकाने आधी भरपाई द्यावी आणि मग ती कंत्राटदाराकडून वसूल करावी, हे तत्त्व १९२३ च्या भरपाई कायद्यापासून चालत आले आहे आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. म्हणून टोळीच्या विम्याची प्रत पहिल्या दिवशी मागावी, पडल्यावर नव्हे.

पैसा आणि ग्राहक

‘वरून पैसे आले की देतो’ ही अट या धंद्यात सर्रास चालते. ती लहान माणसाला मारते, आणि मरायला टेकलेला माणूस तारेवर बचत करतो. सूक्ष्म व लघु उद्योगांना, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेत असे २००६ चा एमएसएमईडी कायदा सांगतो. करारात वस्तू आणि काम दोन्ही असले तर तो लागू होतो का, यावर न्यायालयांत वाद झालेले आहेत. निव्वळ मजुरीच्या बिलात ती पळवाट फारशी टिकत नाही. जीएसटीचा काच निराळा. पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेले इनपुट क्रेडिट उलटवावे लागते. बिलातली रक्कम रिटेन्शन म्हणून वर्षभर अडवून ठेवणाऱ्यांनी हा हिशेब आपल्या सीएकडून करून घ्यावा. रिटेन्शन लहान ठेवून ते पुढच्या फॉर्म बीच्या तपासणीनंतर सोडणे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

मुख्य कंत्राटदाराची खरी भीती वेगळीच असते: पोटकंत्राटदार आपला ग्राहक पळवील. म्हणून करारात ‘पाच वर्षे हा धंदा करणार नाही’ अशी कलमे घुसवतात. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे २७ वे कलम धंद्यावर बंदी घालणारा करार निरर्थक ठरवते, आणि करार संपल्यानंतरच्या बंधनांना न्यायालये दाद देत नाहीत. क्रिकेटपटू झहीर खानविरुद्ध एका व्यवस्थापन कंपनीने केलेला दावा २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याच कलमावर अडला. तेव्हा त्या पाच वर्षांवर विसंबू नये. ग्राहक टिकतो तो पासवर्ड, अॅज-बिल्ट ड्रॉइंग आणि देखभाल आपल्या हाती असल्याने. कॅमेऱ्यांचे अॅप टोळीतल्या एखाद्या मुलाच्या मोबाइलवर नोंदवले गेले आणि तो मुलगा काम सोडून गेला, अशी साइट पुन्हा ताब्यात घेताना रेकॉर्डर फॅक्टरी रीसेट करण्याची वेळ येते. कोणत्याही पॅनेलचे आणि रेकॉर्डरचे खाते ग्राहकाच्या नावावर उघडावे, इंजिनिअर पासवर्ड कंपनीकडे ठेवावा, टोळीला कामापुरता द्यावा आणि काम संपताच बदलावा.

सोसायटीचे सचिव किंवा कारखान्याचे व्यवस्थापक हे वाचत असतील तर त्यांना एक विनंती. पुढच्या जानेवारीत किंवा जुलैत फॉर्म बीसाठी माणूस येईल, तेव्हा त्याला नुसती सही करू देऊ नका. पॅनेलपासून सर्वांत लांबच्या खोलीतला डिटेक्टर तुमच्यासमोर बेसमधून काढायला लावा आणि पॅनेलवर फॉल्ट येतो का ते पाहा. नाही आला, तर त्या झोनची वायरिंग उघडून तपासल्याशिवाय सही घेऊ नका.