हाली, कलदार आणि गैरमुल्की मास्तर

निजामाच्या राज्यातील जुनी भाडेपत्रे, कर्जरोखे चाळू लागले, की रकमेच्या आकड्यापाशी ‘हाली’ किंवा ‘कलदार’ असा शब्द हटकून आढळतो. तो शब्द लिहावयाचा राहिला, तर वकिलाचे भाग्य उघडलेच म्हणावयाचे! हाली, म्हणजे दरबारी भाषेत उस्मानिया सिक्का, हे संस्थानचे स्वतःचे नाणे. कलदार हा इंग्रज सरकारचा रुपया. दोन्ही सोळा आण्यांचे. परंतु सात हालींचे कलदार सहाच होत. हिशेबनिसाच्या भाषेत सांगावयाचे, तर शंभर कलदारांना 116 रुपये 10 आणे 8 पै हाली.

1918 साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि बाहेरून आलेल्या अध्यापकांना तेथे जागा मिळाल्या. कायद्याच्या दृष्टीने हे परके, म्हणजे ‘गैरमुल्की’. 1919 च्या नियमांनुसार मुल्की होण्यास संस्थानात पंधरा वर्षे वास्तव्य आणि परत न जाण्याचा इरादा, या दोन्ही गोष्टी लागत. अशा एखाद्या अध्यापकास साडेतीनशे हाली पगार आहे असे समजू. पुण्यास वृद्ध आईवडिलांना पैसे पाठवावयाचे म्हटले, की त्या साडेतीनशेचे तीनशेच उरत. भाव थोडाफार खालीवर होई आणि त्यात सराफाचा बट्टा वेगळा. साडेतीनशे हा आकडा मित्रांना सांगण्यापुरता. संसार चाले तो तीनशेंवर.

1950 साली भारतीय रुपया संस्थानात चालू झाला आणि सातास सहा हेच प्रमाण कायम राहिले. कागदावर कोणाचेही नुकसान नव्हते. साडेतीनशेचे तीनशे झाले, तसे पस्तीस हाली भाड्याचे तीस झाले. ज्याचे देणे परगावी कलदारातच होते, त्या गैरमुल्की मास्तराचा तर बट्टाही वाचला.

खरी अडचण आण्यांत होती, आणि तिच्याकडे कायदे करणाऱ्यांचे लक्ष सहसा जात नाही. एक आणा हाली म्हणजे कलदारी सव्वादहा पैंहून किंचित अधिक. एवढी रक्कम कोथिंबिरीच्या जुडीसाठी मोजावयाची कशी? विक्रेत्याने जुना आणा तसाच नवा आणा म्हणून मागितला, तर भाव एक षष्ठांशाने चढला. महिन्याची सत्तर हालींची किरकोळ खरेदी साठ रुपयांत बसावयाची. आकडे जुनेच राहिले, तर तीनशेंतून दहा रुपये जास्तीचे जातात. हा भार परगावी पैसे पाठविणाऱ्यापेक्षा मिळकत सगळी तेथेच खर्चणाऱ्या मुल्की शिक्षकावर अधिक पडतो, हे उघड आहे. त्याला बट्ट्याची बचतही नाही.

याच सुमारास राज्यकारभारात व शिक्षणात उर्दूचे स्थान इंग्रजीकडे जात होते आणि बाहेरून, विशेषतः आंध्रातून, शिक्षक येत होते. गुंटूरच्या माणसाला आता वरंगळात आपल्या घरचाच रुपया मिळू लागला होता. 1952 साली वरंगळात गैरमुल्कींविरुद्ध विद्यार्थ्यांचे आंदोलन पेटले. सप्टेंबरात हैदराबाद शहरात गोळीबार होऊन माणसे दगावली आणि चौकशी न्यायमूर्ती जगन्मोहन रेड्डी यांच्याकडे आली. तो तंटा नोकऱ्यांचा होता, नाण्यांचा नव्हे. चलनाला त्यात ओढणे हा वकिली कावा होईल. तथापि ज्याच्या पगाराचा आकडा नुकताच खाली उतरला आहे, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बाहेरचा माणूस येऊन बसला, की सातास सहाचे गणित त्याला कोण समजावणार?

1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि 1 एप्रिल 1957 पासून आण्याचे सव्वासहा नवे पैसे झाले. कोथिंबिरीच्या जुडीचा प्रश्न सात वर्षांत दुसऱ्यांदा उभा राहिला. हाली रुपया मात्र कायद्याने रद्द झाला तो 1959 साली. तोवर तो गावोगावच्या डब्यांतून, गाठोड्यांतून पडून होता.