‘ताजिक’ शब्दाची साक्ष : राष्ट्रकूटकालीन कोकण आणि आखाती व्यापार

नवसारी येथील अवनिजनाश्रय पुलकेशीच्या ताम्रपटात (इ. स. ७३९) ‘ताजिक’ हा शब्द गुजरातवर चालून आलेल्या अरब सैन्यास उद्देशून आला आहे. ते सैन्य पुलकेशीने परतवून लावले. पुढे दोन शतकांच्या आत हाच शब्द चिंचणीच्या ताम्रपटात आढळतो. तेथे मात्र तो राष्ट्रकूटांच्या एका मंडलाधिपतीस लावलेला आहे. ‘तय्यी’ ह्या अरब टोळीच्या नावावरून हा शब्द इराणी भाषांच्या द्वारे संस्कृतात आला, एवढेच व्युत्पत्ती सांगते. शत्रूचा वाचक शब्द अधिकाऱ्यास कसा लागू झाला, हे समजण्यासाठी व्यापाराचा इतिहासच पाहावा लागतो.

पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे १९५५ साली सापडलेल्या ह्या ताम्रपटाचा काळ शके ८४८ (इ. स. ९२६), म्हणजे तृतीय इंद्राची कारकीर्द होय. द्वितीय कृष्णाने संयान मंडल, म्हणजे संजाण व त्याभोवतीचा प्रदेश, ताजिक मधुमति ह्याच्या स्वाधीन केल्याचे त्यात नमूद आहे. ‘मधुमति’ हे ‘मुहम्मद’ ह्या नावाचे संस्कृत रूप होय. त्याने आसपासच्या बंदरांचे अधिपती जिंकून तेथे आपले अधिकारी नेमले, नदी ओलांडण्यासाठी विनामूल्य नावा ठेवल्या आणि भात, कालवण व तूप देणारे अन्नसत्र घातले. भगवतीच्या मठिकेस दिलेल्या भूमिदानातही त्याचा सहभाग होता.

समुद्रापलीकडील साधने ह्याच चित्राची दुसरी बाजू दाखवितात. इ. स. ८५१ च्या अरबी वृत्तांतात राष्ट्रकूट राजास ‘बल्हरा’, म्हणजे वल्लभराज, म्हटले असून अरबांवर त्याचा विशेष लोभ असल्याचे सांगितले आहे. इ. स. ९१६ च्या सुमारास अल्-मसूदी सैमूर, म्हणजे चौल, येथे आला. सीराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले आणि येथेच जन्मलेले मिळून सुमारे १०,००० मुसलमान त्यास तेथे आढळले. त्यांच्यावर राजाने त्यांच्यापैकीच एक प्रमुख नेमला होता. त्यास ‘हुनरमन’ म्हणत. त्या वेळी तेथे शिलाहार झंझाची सत्ता होती.

परदेशी व्यापाऱ्यास बंदरात जागा मिळणे ही ह्या धोरणाची पहिली पायरी होय. त्याच्या समाजास स्वतःचा प्रमुख मिळाला, आणि संजाणात तर त्याच्यापैकी एकाकडे बंदरांचा कारभारच आला. ज्याचे हित व्यापारात गुंतले होते, त्याच्यावरच मार्ग व बंदरे राखण्याची जबाबदारी टाकली गेली. नावांची सोय व अन्नसत्र ह्यांकडे केवळ दानधर्म म्हणून न पाहता वाहतुकीची व्यवस्था म्हणूनही पाहणे इष्ट ठरेल.

ही व्यवस्था एका राजाच्या मर्जीवर अवलंबून होती, असे मात्र म्हणता येत नाही. इ. स. ९७३ मध्ये राष्ट्रकूट सत्ता संपली, तरीही चिंचणीच्याच शके ९५६ (इ. स. १०३४) च्या शिलाहारकालीन ताम्रपटात संजाणच्या प्रतिष्ठितांमध्ये अल्लिय, महर व मधुमत ही नावे येतात. राजवंश बदलला, परंतु ही नावे संजाणात टिकून राहिली. ‘ताजिक’ शब्दाचा अर्थ पालटण्यास जो व्यवहार कारण झाला, त्याची मुळे किती खोल गेली होती, हे त्यावरून ध्यानात येते.