सातबाऱ्याला आठ-अ ओळखतो का?

एव्हरशाईन सिटीत राहणारा माणूस पत्ता सांगताना इमारत, विंग आणि मजला सांगतो. महसूल खात्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याच्या लेखी वसई पूर्वेचा हा सगळा पसारा म्हणजे गाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा.

ही ओळख दोन कागदांवर असते. गाव नमुना सात, म्हणजे सातबाऱ्यातला सात, जमिनीकडून बोलतो: या तुकड्याचा धारक कोण? आठ-अ माणसाकडून बोलतो: या खातेदाराच्या नावे गावात कोणकोणते तुकडे? नातं एकच, पण दोन टोकांनी लिहिलेलं. एका टोकाला खाडाखोड झाली आणि दुसरं तसंच राहिलं, की भांडणाला निमित्त तयार.

गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी 1836 च्या सुमारास इंदापुरात जमिनीची मोजणी आणि आकारणी बसवली, तेव्हा सरकारला मुख्य काळजी होती सारा कोण भरतो याची. विक्री, गहाण, वारसा यांची घडी बसली नव्हती. सावकारी कर्जांनी जमिनी हातोहात फिरू लागल्या आणि कागदावरचा माणूस व शेतातला माणूस वेगळे पडू लागले. अखेर मुंबई सरकारने 1903 मध्ये हक्कनोंदीचा कायदा केला. 1913 मध्ये तो जमीन महसूल कायद्यातच सामावून घेतला.

या व्यवस्थेतला सर्वांत हुशार कागद म्हणजे नमुना सहा, फेरफार नोंदवही. तलाठ्याने सातबाऱ्यावर परस्पर नाव चढवायचं नाही. आधी फेरफार लिहायचा, संबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचं. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली, की मगच तिचा अंमल. हस्तलिखित सातबारा पाहिला तर जुन्या नावाला कंस केलेला दिसतो, नव्या नावाशेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक. नाव खोडलेलं नाही, कंसात ठेवलेलं. क्रमांक धरून मागे जाता येतं. तलाठ्यांना नावं ठेवणं सोपं आहे, पण ही पद्धत ज्याने बसवली त्याला माणसांची चांगली पारख होती.

संगणकाच्या दुनियेत हाच पेच ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंगच्या, म्हणजे प्रोग्राममधल्या वस्तूंची डेटाबेसमधल्या तक्त्यांशी सांगड घालण्याच्या, रूपाने आला. पालकाकडे मुलांची यादी, प्रत्येक मुलाकडे पालकाचा निर्देश. एकीकडे भर घालून दुसरीकडे विसरलं की दोन बाजू दोन गोष्टी सांगतात. गॅव्हिन किंग यांनी 2001 मध्ये सुरू केलेल्या हायबरनेट या अशी सांगड घालणाऱ्या सॉफ्टवेअरने एक बाजू ‘मालक’ ठरवायला लावली, बहुधा मुलाची. डेटाबेसमध्ये नातं लिहिलं जातं ते तिच्याकडूनच. मेमरीतल्या दोन्ही बाजू जुळवणं मात्र प्रोग्रामरवरच राहिलं. म्हणून जाणते लोक यादीला थेट हात लावू देत नाहीत. दोन्ही टोकं एकदम बदलणाऱ्या एकाच फंक्शनमधून जायला लावतात. फेरफाराचंच काम ते.

महाराष्ट्रात मात्र ही शिस्त सुटलीच. सातबारा ठरावीक वर्षांनी नव्याने लिहिला जाई. त्या नकलेत कुणाचं नाव गळे, कुणाचं क्षेत्र बदले. सातबाऱ्यावर अंमल झाला तरी आठ-अ जुनाच राही. संगणकीकरणात हे सारं उघडं पडलं. चावडी वाचनं झाली, ‘एडिट’ आणि मग ‘री-एडिट’ मोहिमा निघाल्या, जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली लेखनप्रमाद दुरुस्त झाले. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 2018 पासून मिळू लागला तो या चाळणीनंतर.

शहरात पेच निराळा. सोसायटीकडे सभासदांची नोंदवही असते, सभासदाकडे भाग दाखला. फ्लॅट विकला की दाखल्याच्या मागे हस्तांतराची नोंद होते. ही जोडी बरी चालते. अडतं ते जमिनीपाशी. 1963 च्या मोफा या फ्लॅटविषयक कायद्याने बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावे करून देणं बंधनकारक केलं, तरी राज्यभर असंख्य सोसायट्यांच्या जमिनी जुन्याच नावांवर राहिल्या. म्हणून 2008 च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरण आलं: सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, आदेश मिळवायचा, दस्त नोंदवायचा. एवढं करूनही सातबाऱ्यावर सोसायटीचं नाव आपोआप उमटत नाही. त्यासाठी पुन्हा तलाठ्याकडे अर्ज, पुन्हा नोटीस, पुन्हा फेरफार.