कार्यालयीन प्रेमसंबंध

कार्यालयीन प्रेमसंबंध म्हणजे एकाच संस्थेत किंवा आस्थापनेत काम करणाऱ्या दोन व्यक्तींमध्ये परस्परसंमतीने निर्माण झालेले प्रेमाचे अथवा जवळिकीचे संबंध होत. लैंगिक छळ ही यापासून वेगळी संकल्पना असून दोहोंतील भेद संमतीवर अवलंबून असतो. सहकाऱ्याशी असे संबंध ठेवावेत की नाही, हा मुळात खाजगी निर्णय आहे. तथापि, दोघांपैकी एकाच्या हाती दुसऱ्याचे मूल्यमापन, वेतनवाढ किंवा बदली असल्यास तो संस्थेच्याही विचाराचा विषय ठरतो.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकात शाळा, रुग्णालये, दूरध्वनी केंद्रे, बँका आणि सरकारी कचेऱ्यांमध्ये स्त्रियांची संख्या वाढू लागली, तेव्हा परस्परांशी नाते नसलेले स्त्री-पुरुष दररोज एकत्र काम करू लागले. विवाह बहुधा जातीत व वडीलधाऱ्यांच्या पसंतीने ठरणाऱ्या भारतीय समाजात ही बाब विशेष महत्त्वाची होती. महाविद्यालयाप्रमाणेच कार्यालय हे भिन्न जातींच्या व प्रांतांच्या व्यक्तींचा स्वतंत्रपणे परिचय होण्याचे ठिकाण बनले. मराठी लेखक पु. ल. देशपांडे आणि सुनीता ठाकूर यांचा परिचय मुंबईत एकाच शाळेत शिकवत असताना झाला. १२ जून १९४६ रोजी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला.

अशा संबंधांची किंमत अनेकदा स्त्रीला मोजावी लागे. विवाहानंतर स्त्रीने नोकरी सोडावी, असा प्रघात अनेक देशांत होता. जपानमध्ये सुमितोमो सिमेंट या कंपनीच्या अशाच अटीविरुद्ध एका कर्मचारी महिलेने दाद मागितली आणि १९६६ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने ती अट अवैध ठरवली.

संबंध जुळण्याची कारणे

सामाजिक मानसशास्त्रात सान्निध्य हे आकर्षणाचे एक प्रमुख कारण मानले जाते. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक यांनी अमेरिकेतील एका विद्यार्थी वसाहतीचा अभ्यास करून १९५० मध्ये असे दाखवून दिले की, घरे जितकी जवळ तितकी मैत्री होण्याची शक्यता अधिक असते. रॉबर्ट झायोन्क यांनी १९६८ मध्ये केवळ वारंवार संपर्कात येण्यानेही पसंती वाढते, असे मांडले. कार्यालयात या दोन्ही गोष्टी घडतात. शिवाय समान शिक्षण, समान ताण आणि एकत्र पार पाडलेली कामे यांमुळे परस्परांची पारख होण्यास अवधी मिळतो.

रॉबर्ट क्विन यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा संबंधांमागील हेतूंचे तीन प्रकार सांगितले: प्रेम, अहंभावाची तृप्ती आणि नोकरीतील लाभ. सहकाऱ्यांना यांपैकी कोणता हेतू दिसतो, यावर त्या जोडप्याविषयीचे त्यांचे मत बरेचसे ठरते.

अधिकारातील असमानता

समान पदावर व वेगवेगळ्या विभागांत काम करणाऱ्या दोघांचे संबंध सहसा संस्थेच्या कामकाजात अडथळा आणत नाहीत. वरिष्ठ व त्याच्या हाताखालील कर्मचारी यांच्या बाबतीत मात्र दोन प्रश्न उद्भवतात. पहिला हितसंबंधांचा आहे. ज्याचा गोपनीय अहवाल लिहायचा त्याच्याशीच प्रेमसंबंध असल्यास अहवाल निःपक्ष असला तरी इतरांचा त्यावर विश्वास बसत नाही. दुसरा प्रश्न संमतीचा आहे. नकार दिल्यास नोकरीवर परिणाम होईल अशी भीती असल्यास होकार कितपत मुक्त होता, हे बाहेरच्या व्यक्तीला आणि कित्येकदा खुद्द वरिष्ठालाही कळत नाही.

संबंध तुटल्यानंतरही दोघांना एकाच ठिकाणी काम करावे लागते. बदली करायची झाल्यास ज्याच्या जागी दुसरी व्यक्ती नेमणे सोपे, त्याचीच ती बहुधा होते. वरिष्ठ पदांवर पुरुषांचे प्रमाण अधिक असल्याने याची झळ बहुतेक वेळा स्त्रीला बसते.

या अडचणीची जाणीव असल्याचे एक परिचित उदाहरण अमेरिकेतील आहे. १९८९ मध्ये शिकागोतील एका विधी कंपनीत मिशेल रॉबिन्सन यांच्याकडे उन्हाळी उमेदवार बराक ओबामा यांच्या मार्गदर्शनाचे काम सोपवण्यात आले होते. या नात्यामुळे त्यांच्यासोबत फिरायला जाणे उचित नव्हे, असे वाटून त्यांनी सुरुवातीस नकार दिला होता. पुढे १९९२ मध्ये दोघांचा विवाह झाला.

संस्थांची धोरणे

संस्थांची धोरणे स्थूलमानाने तीन प्रकारची असतात: सर्व प्रेमसंबंधांना मनाई, केवळ वरिष्ठ-कनिष्ठ संबंधांना मनाई, आणि संबंध व्यवस्थापनाला कळवण्याचे बंधन. सरसकट मनाई न्यायालयात टिकेलच असे नाही. वॉलमार्टच्या जर्मनीतील आचारसंहितेमधील असे कलम २००५ मध्ये ड्युसेलडॉर्फ येथील श्रम न्यायालयाने व्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत ठरवले.

वरिष्ठ-कनिष्ठ संबंधांवरील मनाई सर्वोच्च पदाधिकाऱ्यांनाही लागू होते. इंटेलचे ब्रायन क्रझॅनिच यांना २०१८ मध्ये राजीनामा द्यावा लागला. मॅकडोनाल्ड्सचे स्टीव्ह ईस्टरब्रुक यांना २०१९ मध्ये आणि नेस्लेचे लॉरेंट फ्रेक्स यांना २०२५ मध्ये पदावरून दूर करण्यात आले.

भारतातील कायदेशीर स्थिती

दोन सज्ञान सहकाऱ्यांमधील संमतीच्या प्रेमसंबंधांना भारतीय कायद्याने मनाई केलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विशाखा खटल्यात कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली व त्यांच्या आधारे २०१३ मध्ये संसदेने कायदा केला. त्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती आवश्यक असून पीडित महिलेने सामान्यतः घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावयाची असते. या कायद्यातील व्याख्येचा गाभा वर्तन ‘नकोसे’ असणे हा आहे. त्यामुळे प्रेमाचा प्रस्ताव एकदा सभ्यपणे मांडणे आणि नकारानंतरही पिच्छा पुरवणे यांत मूलभूत फरक आहे. पूर्वी संबंध होते म्हणून नंतरचे नकोसे वर्तन क्षम्य ठरत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ नुसार नोकरी किंवा बढतीचे खोटे आश्वासन देऊन शारीरिक संबंध ठेवणे हा दहा वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा आहे.

विवाह झाल्यावर मात्र शासकीय सेवेत जोडप्याच्या नात्याची दखल घेतली जाते. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांच्या बदल्यांमध्ये ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ हा प्राधान्याचा आधार मानला जातो. विवाहापूर्वीच्या संबंधांना सेवानियमांत असे स्थान नसल्याने ते गुप्त ठेवण्याकडे कल असतो. घरच्यांचा विरोध असलेल्या आंतरजातीय वा आंतरधर्मीय जोडप्यांना ही गुप्तता अधिकच आवश्यक वाटते. त्यामुळे संबंध व्यवस्थापनाला कळवण्याचे बंधन घालताना ती माहिती गोपनीय राहील याची हमी देणेही तितकेच महत्त्वाचे ठरते.

लोकप्रिय माध्यमांत

मराठी दूरचित्रवाणीवरील का रे दुरावा (२०१४) या मालिकेत एकाच कार्यालयात नोकरी करणाऱ्या, पण तेथे आपला विवाह लपवून ठेवावा लागणाऱ्या पती-पत्नीची कथा आहे.