वन्यजीव कुरण

वन्यजीव कुरण म्हणजे रानातील तृणभक्षी प्राण्यांना चारा मिळावा म्हणून राखलेली किंवा मुद्दाम पेरून तयार केलेली गवताळ जागा होय. पावसाळा सरल्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत तिचे महत्त्व अधिक असते. महाराष्ट्रात अशा कुरणांचा प्रश्न प्रामुख्याने कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी अभयारण्य आणि त्याच्या उत्तरेकडील चांदोली राष्ट्रीय उद्यान या परिसरांत गवा (शास्त्रीय नाव: बॉस गॉरस) या प्राण्याच्या संदर्भात चर्चिला जातो. कुरणासाठी कोणते बियाणे निवडावे आणि खत द्यावे की नाही, या दोन निर्णयांवर कुरणाचे यश बव्हंशी अवलंबून असते.

पार्श्वभूमी

दाजीपूरचे जंगल हे कोल्हापूर संस्थानचे राखीव शिकारक्षेत्र होते. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाले. १९८५ मध्ये क्षेत्र वाढवून त्याला राधानगरी वन्यजीव अभयारण्य असे नाव देण्यात आले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३५१ चौरस किलोमीटर आहे. चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० मध्ये चांदोली व कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. तेथील काही गावांचे पुनर्वसन झाल्यावर त्यांची जुनी शेते गवताळ झाली. अशा जागा राखल्या नाहीत, तर त्यांवर झुडपे वाढून गवत मागे हटते.

चाऱ्याचा तुटवडा

दाजीपूर परिसरात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तथापि तो मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गवत बी धरते व त्यानंतर वाळू लागते. वाळलेल्या गवतातील प्रथिनांचे प्रमाण झपाट्याने घटते. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या चाऱ्यात सुमारे ७ टक्के प्रथिने नसतील, तर पोटातील सूक्ष्मजीवांचे कार्य मंदावते आणि पोट भरूनही पोषण होत नाही. त्यामुळे जंगलात वाळलेले गवत मुबलक असूनही गवे हिरव्या चाऱ्याच्या शोधात पायथ्याच्या उसाकडे व रब्बी पिकांकडे वळतात. डिसेंबर २०२१ मध्ये गव्यांचा वावर कोल्हापूर शहरालगत आढळला होता. पिकांचे नुकसान आणि माणसे व गवे या दोहोंच्या जिवाला असलेला धोका ही कुरण विकासामागील मुख्य निकड आहे.

बियाण्यांचे मिश्रण

उत्तर अमेरिकेत हरणांसाठी शरद ऋतूत ओट, गहू, क्लोव्हर घास व सलगम यांचे मिश्रण पेरतात. तेथे अशी पेरणी बहुधा शिकारीच्या हेतूने होते. सह्याद्रीत ऋतुमान, मृदा व कायदा हे तिन्ही भिन्न असल्याने ते मिश्रण येथे लागू पडत नाही.

सह्याद्रीतील कुरणासाठी स्थानिक बारमाही गवते आणि शेंगावर्गीय वनस्पती यांचे मिश्रण योग्य मानले जाते. पठारी व कमी पावसाच्या भागांत मारवेल, पवना आणि डोंगरी गवत ही उपयुक्त ठरतात. घाटमाथ्यावरील अतिवृष्टीच्या पट्ट्यात मात्र त्याच परिसरातून गोळा केलेले बी अधिक खात्रीचे असते. सालवण, रानमूग यांसारख्या शेंगावर्गीय वनस्पती गवतापेक्षा अधिक प्रथिने पुरवतात आणि मुळांवरील गाठींतील जिवाणूंच्या साहाय्याने हवेतील नत्र जमिनीत स्थिर करतात. कुसळी गवत कोवळे असताना खाल्ले जाते. परंतु बी धरल्यावर त्याची कुसळे तोंडाला इजा करतात, म्हणून ते मुद्दाम पेरत नाहीत.

गायरानांसाठी शिफारस होणारी स्टायलो व दीनानाथ गवत ही झपाट्याने वाढतात. तथापि स्टायलो ही परदेशी वनस्पती असून दीनानाथ गवताचे बी वाऱ्याने सहज पसरते. अभयारण्यात त्यांचा वापर टाळणे श्रेयस्कर होय. बियाण्यात रानमोडी, घाणेरी किंवा गाजर गवत यांचे बी मिसळलेले नसावे. ही तणे गव्यांना खाण्याजोगी नसून एकदा रुजली की गवताची जागा व्यापतात.

पेरणी

ताज्या गवतबियांत काही महिने सुप्तावस्था असते. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात गोळा केलेले बी कोरड्या जागी साठवून पुढील जूनच्या आरंभी पेरतात. बी हलके असल्याने ते ओलसर मातीत मिसळून फोकतात व जेमतेम एक सेंटिमीटर मातीने झाकतात. खोल पडलेले बी उगवत नाही. उतारावर नांगरट केल्यास माती वाहून जाते, त्यामुळे तेथे मुळांसह ठोंबे लावणे सोयीचे ठरते. पहिल्या वर्षी कुरणाला चराईपासून संरक्षण द्यावे लागते.

पावसाळ्यानंतर पेरणीला वाव अल्प असतो. मात्र जलाशयांचे पाणी उन्हाळ्याकडे ओसरू लागले की उघड्या पडलेल्या ओलसर काठांवर आपोआप कोवळे गवत उगवते. हे काठ उन्हाळ्यातील नैसर्गिक कुरणेच होत.

खतांचा वापर

पाळीव जनावरांच्या कुरणांना हेक्टरी २० ते ४० किलो नत्र व सुमारे २० किलो स्फुरद अशा मात्रा सुचवल्या जातात. वन्यजीव कुरणात त्या जशाच्या तशा देणे हितावह नाही. नत्र वाढले की उंच, राठ गवते जोमाने वाढतात व शेंगावर्गीय वनस्पती दबतात. जांभ्या खडकापासून बनलेल्या आम्लधर्मी मातीत स्फुरद लोह व ॲल्युमिनियमशी बांधला जाऊन मुळांना दुर्लभ होतो. मुसळधार पावसात उरलेले खत ओढ्यांवाटे जलाशयात जाते.

गावातील कच्च्या शेणखतातून तणांचे बी, तसेच लाळ्या-खुरकूतसारख्या रोगांचा संसर्ग जंगलात पोहोचू शकतो. म्हणून खत द्यायचेच झाल्यास पूर्ण कुजलेले खत, तेही पडीक शेतजमिनीवरील पहिल्या लावणीपुरते, वापरणे इष्ट असते.

जांभ्या कातळाचे सडे या दृष्टीने अत्यंत संवेदनशील आहेत. सीतेची आसवे ही कीटकभक्षी वनस्पती व गेंद यांसारख्या पावसाळी वनस्पती पोषणद्रव्यांची कमतरता असलेल्या उथळ मातीतच टिकतात. सडे उजाड दिसले तरी तेथे गवत पेरणे किंवा खत टाकणे म्हणजे त्या वनस्पतींचा अधिवास नष्ट करणे होय.

निगा

झुडपे व तणे फुलण्यापूर्वी उपटणे आणि जाळरेषा काढून वणवा रोखणे ही कुरणाची मुख्य निगा आहे. गवत जाळल्याने पुढील वर्षी ते चांगले येते, असा समज प्रचलित आहे. प्रत्यक्षात जाळल्याने नत्र धुरावाटे निघून जाते आणि वारंवार लागणाऱ्या आगीत कुसळी गवत बळावते. कुरणाचा एक छोटा तुकडा कुंपण घालून राखल्यास आतील व बाहेरील गवताची तुलना करून चराईचा भार समजतो.

कायदेशीर तरतुदी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गवा अनुसूची १ मध्ये समाविष्ट आहे. कलम ३३ अन्वये अभयारण्यातील अधिवास सुधारण्याचे अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकाकडे आहेत. खाजगी व्यक्तीला तेथे परस्पर बी पेरता येत नाही. शिकारीच्या व्याख्येत आमिष दाखवणेही अंतर्भूत असल्याने प्राण्याला पकडण्यासाठी वा मारण्यासाठी चाऱ्याने आकर्षित करणे हा गुन्हा ठरतो.

मर्यादा

पेरलेले कुरण उसाला पूर्ण पर्याय ठरू शकत नाही, कारण ऊस बहुतेक वर्षभर हिरवा व गोड असतो. कुरण जंगलाच्या सीमेलगत केल्यास गवे शेतांच्या अधिक जवळ येण्याची शक्यता असते. त्यामुळे कुरणाची जागा जंगलाच्या आतील भागात, पाणवठ्याजवळ निवडणे आवश्यक असते. पायथ्याच्या गावांतील पीकसंरक्षण व नुकसानभरपाई यांची जोड असल्याखेरीज केवळ कुरण विकासाने संघर्ष मिटत नाही.

हे सुद्धा पहा

राधानगरी अभयारण्य
चांदोली राष्ट्रीय उद्यान
सह्याद्री व्याघ्र प्रकल्प
गवा